नदीपल्याडचा लाल सिग्नल

झाडे काकाजी दारू पितात हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना दारुडा म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आली त्या दिवसापासून या माणसाने जिल्ह्याच्या हद्दीत दारूला बोट लावलं नव्हतं. प्यायची ती नदी ओलांडून, पलीकडच्या अमरावती जिल्ह्यात, खिशात सरकारी परवाना ठेवून, आणि पूर्ण उतरल्याशिवाय परतीच्या पुलावर सायकल घालायची नाही. गल्लीतली बाकीची मंडळी दार लावून घरातच घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून काकाजींच्या पिण्याबद्दल हळहळायची.

मी लग्न होऊन पुलगावला आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. हे गिरणीच्या ऑफिसात, मी मुलींच्या शाळेत. राहायला काकाजींच्या घराचा अर्धा भाग भाड्याने मिळाला. मधली भिंत एका विटेची. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागायचा. तेव्हा मी सांगते आहे त्यातलं निम्मं डोळ्यांनी पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून आलेलं आहे. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. न ऐकायचा प्रयत्न मी पुष्कळ केला, पण काकाजींचा आवाज मालगाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचण्यासाठी तयार झालेला होता.

काकाजी रेल्वेत गार्ड होते, मालगाडीचे. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली. ते रिटायर झाले, पण रेल्वेने काही त्यांना सोडलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी, मनगटावर घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून. भाजी आणायला निघाले तरी फाटकाशी उभं राहून घड्याळ पाहायचे, गल्ली दोन्हीकडून न्याहाळायचे आणि मगच पाऊल टाकायचे. पिशवी सापडायला वेळ लागला की म्हणायचे, "गाडी लेट होऊन राह्यली." त्यावर यमुनाकाकू आतून म्हणायच्या, "मालगाडीले कई टाइमटेबल होतं?"

यमुनाकाकू म्हणजे त्यांची बायको. उंचीने काकाजींच्या खांद्याला लागणाऱ्या, आणि बोलण्यात त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या. स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. काकाजी उंबऱ्याशी थांबून विचारायचे, "लाइन क्लिअर हाय काय?" काकूंच्या मनात असलं तर उत्तर यायचं, "या." नसलं तर, "आउटरले थांबा," म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलाशी. मग हा उंचापुरा माणूस मोरीच्या कडेला मुकाट्याने उभा राहायचा. मी लग्नात नवी होते. संसार असा असतो काय, म्हणून मला फार मौज वाटायची.

तर काकाजी नदीपार जाऊन प्यायचे ते पेय. त्याचं खरं नाव इंग्रजी, ब्लडी मेरी. काकाजींना ते नाव तोंडातून काढणं जमत नसे. "बाईमाणसाले अशी शिवी देत नसतेत. त्या मेरीनं कोणाचं काय बिघडवलं?" म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं होतं, लाल सिग्नल. हा समोर आला की माणसाने थांबलं पाहिजे, एकाच ग्लासावर, असं त्यांचं म्हणणं.

थंडीला सुरुवात झाली आणि बाजारात टोमॅटोचे ढीग लागले की, आमच्याकडे त्यांना भेदरं म्हणतात, काकाजी टोपली घेऊन निघायचे. निवडायचे ते. पुढचं सगळं काकूंचं. शेगडीच्या निखाऱ्यांवर टोमॅटो भाजायचे, साल तडकून काळी पडेपर्यंत. मग ती काढून हाताने कुस्करायचे आणि जुन्या मलमलच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळायचे. शिजवायचे अजिबात नाहीत. "शिजवलं का सार झालं," काकू सांगायच्या, "मंग ते भातावरच घ्या." त्यात मीठ, थोडं काळं मीठ, भाजलेलं जिरं, मिऱ्याची पूड, लिंबू आणि मग थेंब थेंब मोजून ते काळं पाणी.

हे काळं पाणी म्हणजे काकूंची करामत. साहेबांच्या पद्धतीत एक बाटलीतला विलायती सॉस पडतो. पुलगावात तो कुठून मिळणार? काकाजींनी नागपूरहून आणलेल्या बाटलीत तळाशी चार थेंब उरले होते. ते काकूंनी बोटावर घेतले, जिभेवर ठेवले आणि डोळे मिटून बसल्या. नंतर चिंच, गूळ, लसूण, लवंग आणि सुकी मिरची शिरक्यात भिजवून त्यांनी बरणी ओट्यावर उन्हात ठेवली. महिनाभराने काकाजींनी चाखलं आणि विलायती बाटली परत कधी आणली नाही. ढवळायला साहेब लोक कसलीशी हिरवी काडी लावतात म्हणे. आमच्याकडे कांद्याची पात.

एवढं झालं की सगळं थर्मासमध्ये भरायचं, थर्मास सायकलच्या हँडलला लटकवायचा आणि काकाजी नदीपार. तिकडे त्यांचे मित्र वानखेडे यांचं वावर होतं. वोडकाची बाटली वानखेड्यांच्या झोपडीत, तुरीच्या पोत्यामागे. अर्धं पेय घरी आणि अर्धं नदीपल्याड, अशी त्या पदार्थाची फाळणी झालेली होती.

हे वेड त्यांना लावलं पीटर्ससाहेबांनी. पीटर्स म्हणजे नागपूरच्या रेल्वे कॉलनीत राहणारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. काकाजी मागे आणि पीटर्स पुढे, अशी त्यांनी वर्षानुवर्षं एकच गाडी नेली. "दिवसभर एकाच गाडीवर," काकाजी सांगायचे, "पण मंधात साठ डबे. मले त्याचा दिवा दिसे, त्याले माह्यी झेंडी दिसे. तोंड काही दिसे नाई." तोंड दिसायचं ते सुट्टीच्या दिवशी, पीटर्सच्या व्हरांड्यात. तिथे पीटर्स स्वतःच्या हाताने हे लाल प्रकरण बनवायचा आणि दोघं न बोलता प्यायचे. पुढे पीटर्सची मुलं ऑस्ट्रेलियाला गेली आणि मागोमाग म्हातारा-म्हातारीही तिकडेच गेली. त्यानंतर त्याची खबर नाही.

आता काकूंच्या दुःखाकडे येते. दुःखच म्हणते, कारण आम्ही हसत होतो तरी त्यांना ते खरोखर लागलेलं होतं. इतकी वर्षं त्या हे पेय बनवत होत्या आणि पुरं झालेलं त्यांनी एकदाही चाखलेलं नव्हतं. दरवर्षी भेदरं स्वस्त झाली की भिंतीपलीकडून हा संवाद यायचा.

"पुरं झाल्यावर कसं लागते, मले अजून मालूम नाई," काकू म्हणायच्या.

"चाल नं मंग वानखेड्याच्या वावरात."

"दारू प्याले नदीपार जाऊ मी? लोकं काय म्हणतीन? तुमी बाटली घरी आणा. आंगणात बसून दोन घोट घेतो. कोण पाह्यते?"

"कोणी नाई पाहात. पण कानून तं हाय."

"कानून काय तुमच्या आंगणात येऊन झोपते?"

"झोपत नाई, म्हणूनच सांगून राह्यलो."

मग भांडी आपटायची आणि काकाजी आउटरला जायचे. एकदा मला भाजी निवडताना काकू म्हणाल्या, "शालू, पुरण मी वाटाव, पोळी मी लाटाव, अन् घास तेवढा शेजारच्या गावात जाऊन याइनं खावा. असं होते मले." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मी आपली शिक्षिकेची अक्कल चालवून तोड काढली. दोघांनी पॅसेंजरने नदीपलीकडच्या धामणगावला जायचं. पुलाचा निम्मा भाग मागे पडला की जिल्हा बदलला. लोकांच्या लेखी काकू पाहुण्यांकडे निघालेल्या, आणि डब्यात थर्मास उघडायला कोण आडवं येतं? काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रूळच उखडायला निघाले आहे.

"मास्तरीण, गाडीत दारू? रेल्वेचा कायदा वाचला हाय काय कधी?"

नव्हता वाचला. त्यांनी तो मला तिथेच, उभ्या उभ्या, पाठ म्हणून दाखवला.

कायद्याचं हे वेड किती खोल होतं ते धाडीच्या दिवशी कळलं. कुणीतरी चुगली केली की झाडे घरी दारू गाळतात. एका सकाळी जमादार शिपायासह दारात हजर. ओट्यावर काकूंची बरणी उन्हात होतीच. आत गूळ, वर फेस, आंबूस वास. मोहाची दारू गाळायला जो सडवा घालतात तो दिसायला याहून वेगळा नसतो. जमादाराने खूश होऊन बरणीला हात घातला.

"हात नोका लावू," काकाजी म्हणाले. "पंच कुठी हायेत?"

"कायचे पंच?"

"दोन पंच पाह्यजेत. त्याइच्या समोर बरणी उघडाची. अशी धाड कोर्टात टिकत नाई. उद्या मी सुटलो तं तुमचं नाव खराब होईन."

जमादाराला स्वतःचं नाव खराब होऊ देणं परवडण्यासारखं नव्हतं. पंच शोधायला शिपाई धावला. एक पंच आमचे हे, अर्ध्या गालाला साबण लागलेले. दुसरा चक्कीवाला, डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा. काकाजींनी जमादाराला खुर्ची दिली, पंचनामा कसा सुरू करायचा ते सांगितलं, आणि स्वतः आरोपीच्या जागी, म्हणजे पायरीवर, जाऊन उभे राहिले. बरणी उघडली. जमादाराने बोट बुडवून चाटलं. मग पुन्हा बुडवलं.

"हे कायचं हाय बाई?" त्याने काकूंना विचारलं.

काकू आत गेल्या आणि गरम भज्यांची थाळी घेऊन आल्या. धाड भज्यांवर संपली. जमादार जाताना एक छोटी बाटली मागून घेऊन गेला. काकाजींनी ती पंचनाम्यात नमुना म्हणून दाखवायला लावली. त्यानंतर तो दर हिवाळ्यात नमुना न्यायला यायचा.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे गल्लीच्या टोकाचे गुरुजी. उमर सेवाग्रामला गेलेली, अंगावर स्वतः कातलेल्या सुताचे कपडे. काकूंनी एकदा त्यांना तो नुसता रस पेलाभर दिला. गुरुजींना तो इतका मानवला की थंडीभर ते रोज सकाळी फिरून येताना ओट्यावर टेकायला लागले. पोट हलकं राहतं, डोकं शांत राहतं, हा तर निसर्गोपचार आहे, असं चार लोकांना सांगूही लागले. इकडे काकाजींची झोप उडाली. अशा माणसाला आपण काय पाजतो आहोत, या विचाराने त्यांना जेवण जाईना. शेवटी एका सकाळी त्यांनी शिट्टी खिशात घातली, हात जोडले आणि सांगून टाकलं.

"गुरुजी, तुमच्यापासून लपवून ठेवलं. हा अर्धा गुन्हा हाय. बाकीचा अर्धा नदीपार असते."

गुरुजींनी पेल्यात पाहिलं. मी भिंतीला कान लावला नव्हता, ओट्यावरच उभी होते.

"झाडे," गुरुजी म्हणाले, "गूळ बी अर्धा गुन्हाच. उसाचा रस बी. मोह तं झाडावर राहते तवाच अर्धा गुन्हा. तुमी बाकीचा अर्धा तिकडंच ठेवता नं? मंग भरा पेला."

नदीपलीकडे काय चालायचं ते मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं. पुढे वानखेडेच एकदा सांगून गेले. एक ग्लास झाला की काकाजी बाजेवर आडवे व्हायचे. उठले की परीक्षा. कपाशीच्या दोन ओळींमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एकाही झाडाला अंग न लावता. बोंड हललं की नापास, पुन्हा बाज. परीक्षक वानखेडे. ते जातीचे शेतकरी, आपल्या पऱ्हाटीला धक्का लागलेला त्यांना बांधावरून दिसायचा. एकदा वारा होता. सगळं वावरच हलत होतं. वानखेड्यांनी काही केल्या पास केलं नाही. काकाजी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले आणि काकूंनी काही विचारायच्या आत म्हणाले, "सिग्नल भेटला नाई." मला विचाराल तर एका ग्लासाने या माणसाला काहीही होत नसावं. पण नियम त्यांनीच केलेला होता आणि स्वतःचा नियम मोडणं त्यांना सरकारच्या कायद्याहून जड जायचं.

असं हे किती वर्षं चाललं असतं सांगता येत नाही. पण एका कार्तिकात आवळी भोजनाची वेळ आली. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पूजा करून जेवायचं, ही बायकांची जुनी रीत. आमच्या गल्लीतल्या बायका देवळामागच्या आवळ्याखाली जायच्या. त्या वर्षी जागेच्या मालकाने घर बांधायला काढलं आणि झाड तोडलं. आता कुठे जायचं, म्हणून आमच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वानखेड्याच्या वावरात हाय नं आवळा. मोठ्ठा हाय."

सगळ्यांना एकदम पटलं. देवाचं काम, त्यात बैलबंडीतून सहल. पलीकडे काकाजी सायकलच्या साखळीला तेल घालत होते, ते तिथल्या तिथे थांबले. तेल साखळीवरून जमिनीवर गळत राहिलं. मला तेव्हा कुठे उजेड पडला.

दोन बंड्या भरून आम्ही पूल ओलांडला. काकाजी मागून सायकलवर, शेवटच्या डब्यात असल्यासारखे. झाडाला हळदकुंकू झालं, सूत गुंडाळून झालं, पुरणाचं जेवण झालं. बाकीच्या बायका फुगड्यांना लागल्या. काकूंनी आपल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आत थर्मास होता. रस त्यांनी पहाटेच, आम्हालाही कळू न देता, करून ठेवला होता. तो घेऊन त्या झोपडीमागे आल्या. तिथे काकाजी आणि वानखेडे बसले होते. मी पाण्याचा तांब्या द्यायला म्हणून गेले आणि तिथेच रेंगाळले.

"काढा आता," काकू म्हणाल्या.

"काय?"

"तुमचं अर्धं."

काकाजींनी आवळ्याकडे पाहिलं, वानखेड्यांकडे पाहिलं. सणाच्या दिवसाबद्दल त्यांच्या कुठल्याच कायद्यात काही नव्हतं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"तुले परवाना लागते. माह्या परवान्यावर तुले चालत नाई. तुह्या नावाचा पाह्यजे."

"मंग आणा काढून. सायकल हाय नं?"

वानखेडे खोकत दुसरीकडे पाहायला लागले.  काकाजी उठले, पायजम्याला क्लिप लावली आणि धामणगावच्या रस्त्याला लागले; असा परवाना तिथल्या दारूच्या दुकानातच लिहून मिळायचा. काकू तिथेच बसून राहिल्या. बायका दोनदा बोलवायला आल्या, पण "पाय दुखून राह्यले" म्हणून त्या हलल्या नाहीत. त्यांची बोटं थर्मासच्या झाकणावर होती आणि रस्त्याकडे त्या मुद्दाम पाहत नव्हत्या. ते परत येतील, पण परवाना न घेता, अशी त्यांना भीती वाटत असावी. मला तरी वाटत होती.

ऊन उतरताना काकाजी आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी काकूंपुढे धरला.

"इतका टाइम?" काकू म्हणाल्या.

"दुकानात गर्दी होती. तो म्हणे, बाईच्या नावाचा कायले पाह्यजे? मी म्हटलं लिव. तो म्हणे कोणासाठी? सारे माह्याकडे पाहून राह्यले होते." काकाजींनी बाहीने कपाळ पुसलं. "मंग म्हटलं, माह्या बायकोले प्याची हाय. तिनंच बनवलेली हाय. लिव नाव. जरा मोठ्यानं निघालं."

काकाजींचा मोठा आवाज म्हणजे धामणगावच्या दोन्ही फलाटांवर ऐकू गेला असणार. बायकोची अब्रू जपायची म्हणून आयुष्यभर जपून वागलेला माणूस भर दुकानात हे बोलून आला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला. काकूंनी कागद उलगडला. यमुना भाऊराव झाडे. बोट ठेवून त्यांनी ते नाव वाचलं, घडी घातली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. चेहरा पदराआड होता, त्यामुळे हसल्या की काय ते दिसलं नाही.

मग काकाजींनी बनवलं. पोत्यामागची बाटली निघाली. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवलं, मापाने वोडका घातली, वरून थर्मासमधला रस, काळ्या पाण्याचे थेंब, कांद्याची पात. दोन ग्लास. मला नुसता रस. "मास्तरीण, तुह्या नावाचा परवाना नाई," असं त्यांनी बजावलं.

काकूंनी घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी आणखी एक घेतला.

"भेदरं जरा कच्ची राह्यली यंदा," त्या म्हणाल्या.

"बाकी?" काकाजींनी विचारलं.

"बाकी तं सारं माह्यंच हाय. यातलं तुमचं कोणतं?"

"वोडका."

"त्याले तं चवच नाई."

"नसते त्याले."

काकूंनी ग्लास खाली ठेवला. "चव नाई त्याच्यासाठी इतके वर्स नदीपार येऊन राह्यले तुमी?"

काकाजी कांद्याच्या पातीने ढवळत राहिले. 

"इथं बसलो का पीटर्स याद येते," ते म्हणाले. "एवढी वर्सं त्यानं गाडी नेली, मी मागून पाह्यली. जातानी भेटाले आला तं मी लाइनवर होतो. घरी बसून याद केली असती, तं तू म्हटलं असतं, काऊन रडून राह्यले."

"म्हटलं असतं," काकू म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "मंग बसली असती संगं. दोघं याद करू. तेवढं सांगाले काय कानून आडवा येत होता?"

 काकूंनी ग्लास उचलून संपवला आणि पुढे केला.

"अजून हाय काय?"

"एकच असते," काकाजी म्हणाले. पण त्यांनी स्वतःच्या ग्लासातलं अर्धं त्यांच्या ग्लासात ओतलं. ते नियमात बसत होतं की नाही, मी विचारलं नाही.

निघायच्या वेळी परीक्षा झाली. वानखेड्यांनी ओळखपाळख न ठेवता दोघांनाही कपाशीच्या ओळीत उभं केलं. काकू पदर खोचून, सरळ, एका दमात त्या टोकाला जाऊन आल्या. पानही हललं नाही. काकाजी चौथ्याच झाडाला अडकले. त्यांनी घेतला होता अर्धाच ग्लास, पण नजर कपाशीवर नव्हती, पुढे गेलेल्या काकूंवर होती. वानखेड्यांनी बाजेकडे बोट दाखवलं.

"तुमी जा बंडीतून," काकू मला म्हणाल्या. "मी थांबतो याइच्यासंगं."

बंडीत बायकांनी विचारलं, काकू काऊन राह्यल्या? मी सांगितलं, काकाजींना जरा बरं वाटत नाही. आवळीच्या दिवशी खोटं बोलण्याचं पाप लागलं असेल तर लागो.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यांची नोकरी बदलली आणि आम्ही सामानसुमान घेऊन भुसावळला निघालो. आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले तेव्हा काकूंनी काळ्या पाण्याची बाटली दिली, आणि प्रवासात सांडली तर डब्यातल्या लोकांशी भांडू नको, म्हणून दटावलं. सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. चैत्र लागलेला, टोमॅटो महाग, कसला सण नाही, कसलं भोजन नाही. गाडी पुलावर आली आणि मी खिडकीतून रस्त्याच्या पुलाकडे पाहिलं. काकाजींची सायकल चालली होती, पलीकडच्या दिशेने. मागे कॅरिअरवर यमुनाकाकू, डोक्यावर पदर, मांडीवर थर्मास.

मी हात हलवायला लागले, कारण काकाजी पाहणार याची मला खात्री होती. गाडी दिसली की ते, कुठेही असोत, सायकलवरून उतरायचे आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हात वर धरून उभे राहायचे. माझ्या ओळखीत त्यांनी एकही गाडी तशी सोडलेली नव्हती. त्या दिवशी ते उतरले नाहीत. काकू मागून काहीतरी सांगत होत्या आणि काकाजी मान अर्धी वळवून ऐकत होते. गाडी पूल ओलांडून वळणाला लागेपर्यंत मी खिडकीतून पाहत राहिले. त्यांनी काही गाडीकडे पाहिलं नाही.